भाऊ वकिलांचे उन्हाळी खटले

सिनेमा सुटल्यावर माणसं स्कूटरची किल्ली शोधतात. भाऊकाका विरुद्ध पक्ष शोधायचे. थिएटरच्या पायऱ्यांवरच कुणालातरी गाठून विचारायचे, "आवडला?" तो बिचारा हो म्हणाला की हे सिनेमाच्या विरुद्ध उभे, नाही म्हणाला की हे सिनेमाचे वकील. एकदा पार्किंगमधल्या माणसाने "मी पाहिलाच नाही" म्हणून सुटका करून घेतली, तर म्हणाले, "उत्तम. तुम्ही न्यायाधीश."

भाऊकाका आमचे शेजारी. रत्नागिरीच्या कोर्टात बांधाच्या आणि वाटेच्या भांडणांत त्यांचं आयुष्य गेलं. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागायची आणि त्यांच्या घशाला खाज सुटायची. नेमके तेव्हाच वर्षातले सगळ्यात मोठे, सगळ्यात आवाजी सिनेमे यायचे. काका ते एकूण एक बघत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात सुनावणी असे. आम्ही आळीतले लोक, मुंबईहून सुट्टीला आलेले पाहुणे, सगळे फणसाचे गरे खात ऐकायला बसायचो.

"आधी आरोपीचे गुण ऐका, मग फाशी द्या," ही त्यांची सुरुवात. "त्या बोटींच्या पाठलागात समुद्र असा दाखवलाय, की माझ्या पोटात ढवळलं. ही जमेची बाजू. आता दोष. खलनायकाकडे एवढी बंदूकवाली माणसं, पण एकालाही नेम नाही! असल्यांना नोकरीवर ठेवतं कोण? आणि नायक हेलिकॉप्टरातून उडी मारतो, तरी शर्टाची इस्त्री मोडत नाही. आमच्याकडे लाँड्रीवाल्याच्या हातातच मोडते."

मालतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येक सिनेमाला त्यांच्याबरोबर असायच्या. पण सुनावणीत त्यांचं काम गरे वाटण्याचं. त्यांना सिनेमा कसा वाटला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग एका वर्षी, एप्रिलमध्ये, काकांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जिवाची भीती टळली. पण डॉक्टरांनी महिनाभर तोंडातून अक्षर काढू नका म्हणून बजावलं. पुढे आवाज पहिल्यासारखा येईल की नाही, हे काही ते सांगेनात. काका घरी आले आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तरी मान हलेना.

त्या मे महिन्यात दोन मोठे सिनेमे एकाच आठवड्यात लागले. एकात समुद्रातून आलेला अजस्र प्राणी शहर गिळतो, दुसऱ्यात एका राजाची लढाई. काकूंनी त्यांना अक्षरशः हाताला धरून दोन्ही दाखवले. मग नेहमीसारखी माणसं बोलावली आणि काकांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली.

काकांनी लिहिलं. काकूंनी मोठ्याने वाचलं, "हे म्हणतात, प्राण्याचा सिनेमा सरस. प्राण्याला भूक आहे, म्हणजे हेतू शाबीत होतो. लढाईच्या सिनेमात दोन्ही सैन्यं कशासाठी भांडतात तेच कळत नाही." एवढं वाचून त्या थांबल्या. पाटी मांडीवर ठेवली. "पण मी म्हणते, भूक लागलेला प्राणी सिमेंट कशाला खाईल?"

अंगणात हशा पिकला. काकांनी पाटी ओढून घेतली आणि भराभरा लिहिलं: हरकत!

"हरकत नामंजूर," काकू म्हणाल्या. "एवढं शहर पडलं, पण त्यात एक माणूस ओळखीचा वाटला नाही मला. त्या दुसऱ्या सिनेमात लढाईला निघालेल्या मुलाला आई ओवाळते, तेव्हा तिचा हात थरथरतो. तेवढं एक सोडलं तर बाकी सगळा गोंगाट, मान्य. पण तो हात खरा होता."

काकांनी पेन्सिल उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली आणि लिहिलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबला असतात तर बोलले असते," काकू म्हणाल्या.

काका हसले. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

आवाज आला, पण बारीक, फाटका. कोर्टात तो पुरेना. त्यांनी वकिली सोडली. उन्हाळी खटले मात्र त्यानंतर खरे रंगले, कारण आता विरुद्ध पक्ष घरातच होता. थिएटरच्या पायऱ्यांवर ते दुसऱ्या कुणाला गाठेनासे झाले. रिक्षातच दोघांची जुंपायची. रिक्षावाला घर आलं तरी सांगायचा नाही, निकाल ऐकायला थांबायचा. हरले की काका स्वतः चहा करायचे आणि आतून त्या फाटक्या आवाजात विचारायचे, "मालती, साखर कुठाय?" काकू युक्तिवाद न तोडता सांगायच्या, "मागच्या वेळी हरलात तेव्हा होती तिथेच."

गेल्या पावसाळ्यात भाऊकाका गेले.

या मे महिन्यात मी काकूंना सिनेमाला घेऊन गेले. येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. बाहेर पडताना मी विचारलं, "कसा वाटला?"

"गाणी कंटाळवाणी. आणि शेवट ओढूनताणून सुखाचा," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर मात्र काही बोलेनात. मारुती मंदिराच्या चौकाशी सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अगो, तू सिनेमाची बाजू मांड ना."

"पण काकू, मलाही शेवट नाही पटला."

"नसूं दे," त्या म्हणाल्या. "तरी मांड."