बोथट दात्यांची करवत

धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या, नाचगाण्याच्या अंगणात पाऊल टाकायचीही मुभा नसलेल्या थिओडोशिया सीमोरला करवतीच्या दात्यांचे मर्म कुणी शिकवले? कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड टर्क बेटावर या प्रश्नाचे उत्तर अजून कुणाला देता आलेले नाही.

बेटांच्या विधिमंडळात निवडून आलेली ती पहिली स्त्री. १९८१च्या जूनमध्ये तिने ठराव मांडला : बेटावरच्या नाचगाण्यात दात्यांवर सुरी घासून होणारे करवतीचे वादन शाळेत शिकवावे.

"सुताराचं हत्यार ते, मिस थिओ. उद्या रंधाही वाजवायला लावाल," एक सभासद म्हणाला.

अखेर ठरले, की आधी ऐकावे आणि मग मत द्यावे. ठराव पडला असता, तर वर्षभर पुन्हा मांडता येणार नव्हता. आणि वाजवणारे सगळे सत्तरी ओलांडलेले.

त्यांतला सर्वांत जाणता होड्या बांधणारा क्लिओफस हँडफील्ड. मोठ्या माणसांपुढे जायचे म्हणून त्याने आदल्या दिवशी करवतीचा गंज खरवडला, तेल लावले आणि कानशीने एकेक दाता धारदार केला. सभागृहात त्याने करवतीची मूठ मांडीवर टेकवली, पाते वाकवले, सुरी दात्यांवरून ओढली. सुरी अडकली. पुन्हा ओढली, तर नुसती किंकाळी. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले.

मिस थिओ उठून जवळ आली. "काका, धार लावलीत?"

"मग? गबाळ्यासारखं यायचं का यांच्यासमोर?"

"नवरीसारखी नटवलीत तिला. द्या इकडे."

बाहेरच्या दगडी पायरीवर बसून ती दाते दगडावर घासून बोथट करू लागली.  क्लिओफसला अर्ध्या राहिलेल्या होडीच्या फळ्या त्याच करवतीने कापायच्या होत्या. पण नजर तिच्या हातांवरून हलेना. चार-पाच वेळा घासले, की ती अंगठ्याने दाता चाचपायची, पाते गुडघ्यावर वाकवून कान लावायची. नुसते पाहून येणारी ही गोष्ट नव्हती.

"तुमच्या वडिलांनी चर्चमध्ये हिला सैतानाची जीभ म्हटलं होतं. मी होतो तिथं."

"मीही होते, पहिल्या बाकावर. घ्या, वाजवा आता."

त्याने वाजवले. मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या एका मताने ठराव तरला. पायरीवर उठलेल्या चऱ्यांबद्दल मात्र त्यांनी मिस थिओला समज दिली.

जानेवारी १९८३पासून शाळेत दर शुक्रवारी करवतीचा तास सुरू झाला. क्लिओफसने तो सहा वर्षे घेतला.