ठाण्याच्या कपाटात ठेवलेला फोन

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण कोणी एखादी केस सांगा म्हटलं की मला ती शिवणकाम करणारी बाईच आधी आठवते. तेव्हा मी पवनीकडे ठाणेदार होतो.

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कोंढ्याला मावशीकडे आली. दुसऱ्याच दिवशी नवरा दारात हजर. मग ती सानगडीला मैत्रिणीकडे लपली. तिथेही तो तीन दिवसांत पोहोचला आणि "पुढच्या खेपेले पोरीले उचलूनच नेतो" असं धमकावून गेला. तेव्हा ती मावशीला सोबत घेऊन तक्रार द्यायला आमच्या ठाण्यात आली.

सानगडीचा पत्ता मैत्रीण सोडली तर फक्त मावशीला ठाऊक होता. घरातलंच माणूस फुटतं, हा माझा अनुभव. मी म्हातारीला तासभर फैलावर घेतलं.

"मरून जाईन साहेब, पण त्या मेल्याले पत्ता नाही सांगणार!" ती रडत म्हणाली. मी विश्वास ठेवला नाही. त्याची आजही लाज वाटते.

तिची भाची, म्हणजे ती बाई, बाहेर बाकावर बसून हे ऐकत होती. ती आत आली आणि तिने टेबलावर फोन ठेवला.

"मावशीले सोडा, साहेब. मी कुठं गेली ते मावशीले ठाऊक, मैत्रिणीले ठाऊक, अन् या फोनले. हा तुमच्या कपाटात ठेवा. मी पोरीले घेऊन दुसरीकडं जातो."

मला हसू आलं. तरी स्टेशन डायरीत नोंद करून फोन चालूच ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपते न आटोपते तोच समोरच्या चहाटपरीवर एक जण दिसला. एकदा मोबाइलकडे बघायचा, एकदा आमच्या इमारतीकडे. हवालदाराने त्याला आत आणलं.

"कोणाला शोधतोस?"

"बायकोले. अंदर आहे ना ते?"

"कोणी सांगितलं?"

गड्याने दोन तास उडवाउडवी केली, मग बोलला. बायकोला फोन त्यानेच विकत घेऊन दिला होता. दुकानदाराने तो नवऱ्याच्याच खात्यावर सुरू करून दिला आणि फोनने जे जे विचारलं त्यावर धडाधड 'मान्य' दाबलं. आपल्याकडे असंच चालतं. मग फोन जाईल ते ठिकाण कंपनीकडे नोंदलं जायचं आणि हा बहाद्दर घरबसल्या पाहायचा. गुन्हा दाखल झाला. मावशीची मी हात जोडून माफी मागितली.

पंचनामा, तपासणी होऊन फोन परत मिळाला, तेव्हा बाईने ठाण्यातच तो पुसून कोरा केला आणि स्वतःच्या नावाने सुरू केला. एकेक प्रश्न बोट ठेवून वाचला. ठिकाण? नाही. आवाज? नाही. ओळखीच्यांचे नंबर? नाही. सुधारणेसाठी माहिती कंपनीला पाठवू का? नाही!

मी म्हटलं, "अहो, नवऱ्याचा बंदोबस्त झाला. आता कंपनीला काय भ्यायचं?"

मान वर न करता ती म्हणाली, "नवऱ्याले नाही सांगितलं, तं कंपनीले कायले सांगू? कंपनी माही कोण लागते?"

वा रे बाई! सातवी शिकलेली, पण साऱ्या ठाण्याला शिकवून गेली.

त्या संध्याकाळी मी माझा फोन उघडून बसलो. खबऱ्यांची नावं मी उभ्या नोकरीत कुठे लिहिली नाहीत, वरिष्ठांनाही सांगितली नाहीत. माझ्या भरवशावर ती माणसं जीव धोक्यात घालत होती. आणि फोनमध्ये मी गेलो ती प्रत्येक जागा, तारीख-वेळेसह. त्यात त्या सगळ्यांची घरं होती.