श्रावणातली कोळंबी

सापगावच्या आमच्या घरात खारं पाणी आणायचं ठरलं, तेव्हा मी आधी चेष्टाच केली. माझा जन्म भाताच्या बांधावरचा, नोकरी कसाऱ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात. समुद्र पाहिला तो सहलीतच. पण मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी लावा. ती तयार झाली की मी माझे मासे घेऊन येते. थोडे दिवस." तिचं ते 'थोडे दिवस' ऐकलं आणि चेष्टा सोडून मी टाकीचं माप विचारून घेतलं.

मुलगी ठाण्याला, नवऱ्याच्या घरी. उन्हाळ्यात एका लग्नात हिला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या दंडावर काळानिळा डाग दिसला होता. विचारलं तर म्हणाली, दाराची कडी लागली. तेव्हापासून आम्ही रोज फोन करायचो आणि रोज एकच उत्तर यायचं, "सगळं ठीक आहे." मी जावयाला जाब विचारायला निघालो, तर मुलीनेच शपथ घालून थांबवलं. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे मात्र ती जिवापाड जपायची. ते तिथे सोडून ती निघणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. म्हणून ही टाकी.

काच आली, समुद्री मिठाची पाकिटं आली, दगड आले. शुद्ध पाण्याचे जार मी स्कूटरवरून वाहिले. शेजारी विचारायचे, मासे कुठायत? मी म्हणायचो, लाजतात. खरी गोष्ट अशी की नव्या पाण्यात मासे सोडले तर ते स्वतःच्याच घाणीने मरतात. मुलीने नीट समजावलं होतं. आधी पाण्यात एखादी कोळंबी सडू द्यायची. तिच्यातून अमोनिया सुटतो, ते विष. ते खाणारे जंतू दगडांवर हळूहळू वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जंतू येऊन त्याचं नायट्रेट करतात, तेवढं मासे सोसतात. पहिली दोन चढून पुन्हा शून्यावर आली आणि तिसरं दिसायला लागलं, की टाकी तयार. "सुरुवातीला तपासूच नका," ती म्हणाली, "उगाच घाबराल."

गटारीला घरात कोळंबी आली होतीच. त्यातली एक फडक्यात बांधून मी दगडांमागे सोडली आणि बाकीच्या कालवणावर ताव मारला. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

बरेच दिवस दम धरला आणि मग तपासणीचा डबा उघडला. अमोनियाच्या नळीत पिवळा रंग आला तर शून्य, हिरवा आला तर विष. सगळी नोकरी हिरव्या दिव्यावर गाड्या सोडण्यात गेलेल्या माणसाला हे पचायला जडच गेलं. नळी पिवळीधमक होती. नायट्राइटची नळी आकाशी, म्हणजे तेही शून्य. तिसऱ्या चाचणीची बाटली फार वेळ हलवावी लागते. दोन शून्यं हातात असताना ती कशाला, म्हणून मी केलीच नाही. आपण बघत नव्हतो तेव्हा चढलं असेल आणि उतरलं असेल. मी फोन लावला. "ये. टाकी तयार."

ती म्हणाली, "नायट्रेट किती?"

फोन तसाच ठेवून मी बाटली हलवली, थेंब टाकले, थांबलो. तीही नळी पिवळी.

"शून्य," मी म्हणालो.

"मग अजून काही सुरूच झालं नाही, बाबा. न सुरू झालेल्या टाकीतही ती दोन शून्यंच दिसतात. मी आत्ता मासे आणले तर मरतील." आवाज पार थकलेला होता. "राहू दे. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर म्हणजे आणखी दोन-तीन महिने त्याच घरात. नायट्रेट आहे असं खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं. दगडांमागे हात घातला. फडकं नव्हतं, कोळंबीही नव्हती. वळून पाहिलं तर ही देवघराच्या दारात उभी.

"मी काडली," ती म्हणाली. "श्रावण लागला. घरात मेलेलं ठेवून उपास कसा धरायचा? पोरीसाठीच सोमवार धरलेत ना मी."

मला संताप आला. "विचारायचं तरी," एवढंच म्हणालो. पोरगी घरी यावी म्हणून हिने उपवास धरला, आणि त्या उपवासानेच तिचं येणं अडलं. ओरडायचं तरी कोणावर?

फोन चालूच होता. हिने तो माझ्या हातून घेतला. "ऐक गो. टाकी नाय झाली ती माझ्यामुळं. मासे कुनाकडं तरी ठेव. पन तू ये. तुला ऱ्हायला काय टाकी लागते?"

ही फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली. मी इतका जवळ गेलो की मलाही ऐकू आलं.

"आई, मी ठीक नाहीये."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. हिने डोळे मिटले आणि फक्त "ये" म्हणाली.

त्याच दुपारी ही शहापूरच्या बाजारात गेली आणि श्रावणात कोळंबी घेऊन आली. स्वतःच्या हाताने फडक्यात बांधून दगडांमागे ठेवली, मग पुन्हा अंघोळ करून देवापाशी बसली.

मुलगी आली ती एक बॅग घेऊन. मासे एका मैत्रिणीच्या टाकीत सोडले होते. ती टाकी काही नवी नव्हती, म्हणजे मासे तिथे आधीही ठेवता आले असते, पण मी त्याबद्दल काही विचारलं नाही. आधी ती नुसती झोपली. मग थोडंथोडं सांगायला लागली, ते मी इथे लिहिणार नाही. ऐकताना माझ्या मुठी वळायच्या आणि ही तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. तोवर टाकीलाही वास सुटला होता. हिने उदबत्ती लावली, पण टाकीला हात लावला नाही.

एका सकाळी मुलीने स्वतः अमोनियाची नळी घेतली, थेंब टाकले आणि उजेडात धरली. पाणी गडद हिरवं झालं.

"आत्ता कुठे सुरू झालंय, बाबा," ती म्हणाली. "खूप दिवस लागतील."

"लागू देत," मी म्हणालो.