एका माणसाचं गाव

अक्का कुठेही बसल्या की आधी शेजारची जागा हाताने झाडून घ्यायच्या. चर्चमधली सतरंजी असो, दवाखान्यातला बाक असो, नाहीतर औरादची बस असो. झाडलेल्या जागेवर त्या आपली पिशवी ठेवायच्या आणि कोणी टेकायला आलं की म्हणायच्या, "जरा सरकून बसा माय, आमची येतेत." कोण येणार, कधी येणार, असं विचारलं तर त्या दुसऱ्याच विषयावर जायच्या. औरादच्या बसच्या कंडक्टरनेसुद्धा विचारायचं सोडून दिलं होतं.

तुम्ही कधी आमच्या जत्रेला आला असाल तर त्यांना नक्की पाहिलं असेल, फक्त ओळखलं नसेल. आमच्या मेथडिस्ट मंडळींचा हा वर्षाचा मेळावा. पत्रिकेवर पास्टर 'वार्षिक मेळावा' असंच छापतात, कारण जत्रा हा शब्द त्यांना रुचत नाही. पण बिदरपासून कलबुर्गीपर्यंतची आमची सगळी माणसं जत्राच म्हणतात. तुरी निघाल्या की चिटगुप्प्याजवळच्या चिंचेच्या बनात आम्ही ताडपत्र्या, भांडी आणि लेकरंबाळं घेऊन मुक्कामाला जातो. प्रत्येक गावाचं झाड ठरलेलं असतं. त्या झाडाखाली त्या गावाची चूल पेटते, आणि दुसऱ्या गावाच्या झाडाखाली कोणी पथारी टाकत नाही. टाकलीच तर त्या गावच्या बायका असा चहा पाजतात की माणूस आपणहून उठतो.

मी नौबादला राहते, शाळेत शिकवते. माझं अक्षर बरं आहे एवढ्याच पापासाठी मला जत्रेच्या समितीची चिटणीस केलेलं आहे. आमच्या समितीचं काय सांगावं. प्रार्थना कन्नडमध्ये होते, भांडण मराठीत आणि चहा हैदराबादी हिंदीत मागवला जातो. मांडव कोणाचा घ्यायचा यावर दोन बैठका जातात, भोंगा कोणत्या दिशेला लावायचा यावर एक. या सगळ्या गलक्यात अक्का पहिल्यांदा माझ्या लक्षात आल्या त्या दाराशी चपला सोडून उभ्या असलेल्या.

त्या जांबवाडीच्या. चिंताकीच्या पलीकडे आडरस्त्याला असलेलं गाव. एकेकाळी तिथे आमच्या लोकांची एक पूर्ण गल्ली होती, पत्र्याचं छोटं चर्च होतं. मग एकेक घर कामाला बाहेर पडलं, कोणी हैदराबादला, कोणी पुण्याला. आधी सणाला यायचे, मग लग्नाला, मग मयताला. शेवटी गल्लीत अक्काच उरल्या. नवरा केव्हाच गेला होता, पोटी मूल नव्हतं. दिराचा मुलगा आईविना होता, त्याला त्यांनीच वाढवलं. तोही मिस्त्रीकाम शिकून हैदराबादला गेला आणि तिकडचाच झाला. दर रविवारी अक्का चर्चचं कुलूप काढायच्या, झाडलोट करायच्या, घंटा वाजवायच्या आणि एकट्याच बसून गाणी म्हणायच्या. पास्टर महिन्यातून एखाद्या वेळी जायचे. मी एकदा विचारलं, "अक्का, ऐकायला कोणी नसताना घंटा कशाला वाजवता?" त्या म्हणाल्या, "शेजारचे हटकर धनगर हायेत की. घंटा न्हाई वाजली तर त्येंला वाटंल, म्हातारी मेली."

त्या दिवशी बैठकीत विषय निघाला होता तो जागेचा. मोटारगाड्या वाढल्या होत्या आणि बनात जागा पुरेना. पास्टर नवे होते, तरुण, मनाने चांगले, पण नीटनेटकेपणाची फार हौस. त्यांनी सुचवलं की ज्या गावांची माणसं कमी झालीत त्यांनी शेजारच्या गावात मिसळावं. म्हणजे जांबवाडीने चिंताकीच्या झाडाखाली बसावं. एका माणसासाठी एक अख्खं झाड कशाला, असं ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर खोलीत कोणालाच त्यात काही चूक दिसली नाही.

अक्का दाराशीच बसल्या होत्या. दोन बस बदलून, भाकरी बांधून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चिंताकीवाले लई चांगले हायेत, पास्टरसाब. पर मी त्येंच्या घरची सून न्हाई."

सगळे हसले. चिंताकीचे दोघे सर्वांत मोठ्याने हसले. हशा ओसरल्यावर अक्का पुढे म्हणाल्या, "आमची कोन आली तर कुठं बसतील? झाड न्हाई दिसलं तर म्हनतील, गावच न्हाई राहिलं. तसंच माघारी जातील."

शेवटी असं ठरलं की जोवर जांबवाडीचं माणूस उभं राहतंय, तोवर झाड राहील आणि नावही राहील. हे ठरावात मीच लिहिलं.

उभं राहतंय म्हणजे काय ते सांगायला हवं. जत्रेच्या शेवटच्या सकाळी सुगीचं दान असतं. भोंग्यावरून एकेका गावाचं नाव घेतात. नाव घेतलं की त्या गावची सगळी माणसं, पोरंसोरं, म्हातारी, जिथे असतील तिथे उभी राहतात, आणि एक बाई गावाचं सूप घेऊन पुढे जाते. सुपात प्रत्येक घराचं धान्य वेगळ्या चिंधीत गाठ मारून ठेवलेलं असतं. मोठ्या गावांची सुपं अशी भरतात की दोन बायकांना धरावी लागतात. सूप टेबलापाशी पोचेपर्यंत गाव उभं असतं आणि बाकीचे बसून पाहत असतात. कोण उभं राहिलं, कोण नवी सून, कोणाचा पोरगा वाढला, हे सगळं तेव्हा कळतं. आमच्याकडे सोयरिकी जुळतात त्यातल्या निम्म्या त्या सकाळी.

अक्का एकट्या उभ्या राहायच्या आणि सूपही त्याच न्यायच्या. पण सुपात गल्लीतल्या एकूण एक घराची गाठ असायची. तुरी काढायला रोजाने जायच्या तेव्हा मजुरीत थोडी तूर मागून घ्यायच्या आणि घराघराच्या नावाने बांधायच्या. मला बोट ठेवून दाखवायच्या, "ही थोरल्या घरची. ही शिंप्याची. ही आमच्या लेकराची, जरा मोठी हाय." मी चेष्टेने म्हणाले, "अक्का, सगळ्यांच्या नावाने तुम्हीच देता. देवाला कळत नाही होय?"

"कळतंय की," त्या म्हणाल्या. "त्येला सगळं कळतंय. म्हनून तर एकात एक मिसळत न्हाई."

एका वर्षी निरोप आला की पुतण्या बायकोपोरांना घेऊन जत्रेला येणार. अक्का माझ्याकडे नौबादला उतरल्या होत्या, तेव्हा त्यांनी ते तीनदा सांगितलं. नेहमी एक दिवस आधी जाणाऱ्या त्या, तेव्हा दोन दिवस आधी गेल्या. झाडाखाली शेणसडा घातला, ताडपत्री बांधली, चूल मांडली. पहिल्या दिवशी अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी करून बसल्या. मी जाता-येता पाहत होते. संध्याकाळी त्यांनी भाकरी चिंताकीच्या पोरांना वाटल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच केल्या.

पुतण्या आला होता. पण हैदराबादची मंडळी मोठी गाडी करून येतात, त्यांचा वेगळा मांडव असतो, पंखा असतो. त्याचं नाव तिकडच्या मंडळीत लिहिलेलं, गाडीचं भाडंही त्यांच्यातच भरलेलं. त्याला वाटलं असेल की जांबवाडीचं आता काही उरलं नसणार. नाहीतर ठाऊक असूनही तो तिकडे बसला. मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर तो बायकोला आणि लेकीला घेऊन अक्कांच्या झाडाखाली आला. "बरं हाय ना, अक्का?" म्हणाला. पाणी प्याला. अक्कांनी पोरीच्या हातावर गूळ ठेवला. बायकोचं लक्ष घड्याळाकडे होतं. पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखे गेले.

शेवटच्या सकाळी जांबवाडीचं नाव घेतलं. अक्का उभ्या राहिल्या आणि सूप छातीशी धरून त्यांनी मान वळवली, हैदराबादच्या मांडवाकडे. मी स्टेजच्या बाजूला होते, मला दोघंही दिसत होती. पुतण्या खाली मान घालून लेकीची रिबीन सारखी करत होता. अक्का एकट्याच चालत पुढे गेल्या. त्या बनात त्या वेळी हजारो माणसं होती, आणि इतकं एकटं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

नंतर मी रागाने काहीतरी बोलले. अक्का मलाच समजावू लागल्या. "बसू द्या हो, बाई. तिकडं पंखा हाय. पोरीला ऊन सोसत न्हाई."

पुढच्या वर्षी जत्रेच्या तोंडावर अक्कांना छातीत कफ झाला आणि बिदरला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी भेटायला गेले तर त्यांना तब्येतीचं काहीच बोलायचं नव्हतं. ठराव त्यांच्या पक्का ध्यानात होता. "मी न्हाई उभी राहिले तर नाव जातंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी पास्टरांशी बोलेन. त्यांनी मान हलवली. "पास्टरला कामून त्रास देता? आमच्या लेकराला सांगा. एकदा उभं राहा म्हनावं. सूप नको, काही नको. नुसतं उभं राहा."

मी उभी राहिले असते, पण आमच्यात दुसऱ्या गावाच्या नावाला उभं राहत नाहीत. ते खोट्या साक्षीसारखं मानतात.

जत्रेत मी पुतण्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणीही आलं. म्हणाला, "राहतो की, बाई. पर आमच्या इथल्या लोकांला कसं दिसंल? म्हनतील, इतकी वर्सं आमच्यात जेवलास आन् आता कुठलं गाव काढलास?" मी म्हणाले, एक मिनिटाचं काम आहे. तो म्हणाला, बघतो.

नाव घेतलं. पास्टरांना दवाखान्याचं माहीत होतं, म्हणून ते थांबले. पुन्हा एकदा घेतलं. लोक मागे वळून पाहू लागले. पुतण्याने पुढच्या खुर्चीची पाठ धरली, इतकी घट्ट की मला वाटलं आता उठतोच. पण तो उठला नाही. पास्टरांनी पुढच्या गावाचं नाव घेतलं.

परतताना मी थेट दवाखान्यात गेले. वाटेत सगळा वेळ खोटं काय सांगायचं ते जुळवत होते. अक्का पडून होत्या, आवाज खोल गेला होता. "कोन उभं राहिलं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिल्यावर जुळवलेलं काही जिभेवर येईना.

"कोणी नाही, अक्का."

"त्यो?"

"बसूनच होता."

त्यांनी चादर वर ओढून घेतली. "लाजला आसंल. ल्हानपनापासून तसाच हाय." मग विचारलं, "नाव घेतलं का पर?"

"घेतलं. दोनदा घेतलं."

"मोठ्यानं?"

"भोंग्यावर. सगळ्या बनात ऐकू गेलं."

"मग ऐकलं आसंल त्येनं," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

ईस्टरच्या आधीच त्या गेल्या. पुतण्या मातीला आला, एका रात्रीची रजा काढून. जांबवाडीच्या चर्चचं कुलूप आता शेजारचे धनगर सांभाळतात. घंटा कोणी वाजवत नाही. मला मात्र रविवारी सकाळी उगीच जांबवाडीची आठवण येते, आणि घरात चार माणसं असतानाही करमत नाही.

यंदाच्या बैठकीत ठराव वाचला गेला. मी म्हणाले, एक वर्ष तरी नाव राहू द्या. पास्टर अगदी मऊपणाने म्हणाले, "बाई, पण उभं कोण राहणार?" जांबवाडीचं झाड गाड्या लावायला दिलं.

शेवटच्या सकाळी नावं घेणं चालू होतं. मी पाण्याची व्यवस्था पाहत मागच्या बाजूने हैदराबादच्या मांडवापाशी आले. चिंताकीचं सूप परत गेलं, लोक बसले. त्यानंतर पूर्वी जांबवाडीचं नाव यायचं. आता सरळ पुढच्या गावाचं आलं आणि ते गाव उभं राहिलं.

मांडवात बसलेल्या लोकांमध्ये पुतण्या उभा होता. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळ्या गुंड्या लावलेला. मला पाहून तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, आमचं गाव न्हाई घेतलं का?"

"नाही," मी म्हणाले. "यंदापासून घेत नाहीत."

त्याने मान डोलावली, पण तो बसला नाही. पुढच्या गावाचं सूप टेबलापर्यंत जाऊन पोचलं, तरी तो तसाच उभा. शेवटी मागच्या बाईने त्याच्या शर्टाला हात लावून त्याला खाली बसायला सांगितलं. तिला पुढचं दिसत नव्हतं.