हॉलमधला ढाळ

चेंडू डावीकडे जायचा. कितीही सरळ मारला तरी वाटीच्या हातभर अलीकडे त्याला काय व्हायचं कोण जाणे, तो खिडकीच्या कोपऱ्याकडे वळायचा आणि भिंतीला टेकून थांबायचा. मी चिडायचे. सोफ्यावर पेपर वाचत बसलेला नवरा मान वर न करता म्हणायचा, "मनगट वाकडं आहे तुझं."

गोल्फ आमच्या घरात आलं ते ऑफिसच्या सहलीतून. नव्या साहेबांना त्याचं वेड, म्हणून त्या वर्षी आम्हा सगळ्या विभागप्रमुखांना रिसॉर्टऐवजी गोल्फच्या मैदानावर नेलं. तिथे माझ्या हातून एक फटका असा काही सुरेख बसला की पुढे कित्येक दिवस मला दुसरं काही सुचेना. पन्नाशीला टेकलेल्या बाईला असली हौस असू नये असं कोणी म्हटलं नाही, पण बघितलं मात्र तसंच. पुढच्या सहलीत चेंडू खड्ड्यात घालण्याची स्पर्धा होती. मी नाव देऊन बसले.

आता सराव करायचा कुठे? त्यासाठी ड्रायव्हिंग रेंज असतात, हिरव्या गालिच्यावर उभं राहून लांबवर चेंडू मारत बसायचे. आमच्या गोखिवऱ्याहून तिथे जायचं म्हणजे रविवार रस्त्यातच संपणार. मग घरातच मांडामांड केली. बेडरूममध्ये मोज्यांचा गोळा करून तो गादीवरून कपड्यांच्या टोपलीत उडवायचा. स्विंग करायचा तो केरसुणीने, कारण खऱ्या काठीने पहिल्याच दिवशी ट्यूबलाइटचा निकाल लावला होता. आणि हॉलमध्ये टीपॉय बाजूला सारून, आमटीची वाटी आडवी ठेवून, जुन्या बाजारातून आणलेल्या पटरने, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायच्या काठीने, तो तिच्यात घालायचा. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी हा कार्यक्रम चालायचा. खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. ते एकदा वर आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, गोट्या खेळता का सकाळी सकाळी? आमच्या डोक्यावरून गाडी गेल्यासारखी वाटते."

मी खाली सतरंजी घातली, पण सराव सोडला नाही. चेंडू डावीकडे जातो ना, मग मी उजवीकडे नेम धरायला लागले. आधी अंदाजाने, मग सवयीने. हळूहळू हात असा बसला की चेंडू सुरुवातीला उजवीकडे निघायचा, मध्येच वळायचा आणि वाटीत जाऊन खणकन वाजायचा. नवऱ्यानेही पेपर खाली ठेवून एकदा टाळी वाजवली. मला वाटलं, मनगट सरळ झालं.

सहलीच्या दिवशी सगळ्यांसमोर माझा एकूण एक चेंडू खड्ड्याच्या उजवीकडून गेला. एकसुद्धा आत नाही. हसू कोणी लपवलं नाही. मैदानावर शिकवणारा एक माणूस होता, तो मात्र माझ्या मागे येऊन बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मॅडम, तुमचा हात एकदम सरळ आहे. तुम्ही उभ्याच उजवीकडे तोंड करून राहता. सराव कुठे केलात?"

मी म्हटलं, "घरी."

"मग घराची जमीन बघा," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

घरी आल्यावर चपलाही काढल्या नाहीत. सतरंजी गुंडाळली, हॉलच्या मधोमध फरशीवर चेंडू ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू क्षणभर थांबला. मग आपला आपण निघाला, आणि खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीला लागला. 

नवरा म्हणाला, "ढाळ असतो फरशीला. मिस्त्री देतातच. धुतल्यावर पाणी निघायला नको?"

"पाणी निघायचं तर ढाळ मोरीकडे हवा. तिकडे खिडकीखाली काय आहे? भिंत."

 त्याने टीव्ही लावला आणि आवाज मोठा केला.

दुसऱ्या दिवशी मी चेंडू पर्समध्ये टाकून खाली सेक्रेटरींकडे गेले. त्यांच्या बायकोने चहा टाकला, तोवर मी त्यांच्या हॉलमध्ये चेंडू ठेवला. तो त्याच कोपऱ्याकडे गेला. त्यांनी फरशी दोन वर्षांपूर्वीच बदलली होती, आमची त्याच्या कितीतरी आधीची, मिस्त्री वेगळा. मग सेक्रेटरींना घेऊन तळमजल्यावरच्या कुटुंबाकडे गेले. तिथेही तेच. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, आमच्या कपाटाचं दार आपोआप उघडतं, सुताराने फसवलं आम्हाला. सेक्रेटरींच्या बायकोने पलंगाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली होती आणि दोष पलंगवाल्याला दिला होता. आणि मी महिनोन्‌महिने माझ्या मनगटाला शिव्या देत होते. प्रत्येक घराने आपापली पाचर मारून ठेवली होती, आणि एकमेकांना विचारायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

परतताना सेक्रेटरी जिन्यात थांबले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वहिनी, हे बाहेर बोलू नका. पालिकेच्या कानावर गेलं की येऊन धोकादायक इमारतीची पाटी लावतील. मग पाणी तोडतात, वीज तोडतात. म्हातारी माणसं आहेत बिल्डिंगमध्ये, ती कुठे जातील?"

मला राग आला. माणूस वाईट नव्हता, म्हणून जास्तच आला. इमारत भराव घातलेल्या जमिनीवर उभी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाली खाजण होतं, भरतीला पाणी आत यायचं, हे इथले जुने लोक सहज बोलून जात. मी म्हटलं, "भाऊ, पाटी लागली तर जिवंत घराबाहेर पडायला तरी मिळेल." त्यानंतर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर चेंडू टाकून दाखवला. तिथे जो आरडाओरडा झाला तो सांगण्यात अर्थ नाही. एकाने तर मलाच विचारलं, मॅडम, हा खेळ तुम्हाला कोणी शिकवला. शेवटी कसाबसा एक खाजगी इंजिनिअर बोलवायचं ठरलं.

इंजिनिअर तरुण होता, कमी बोलायचा. सगळी इमारत फिरून तो पार्किंगमधल्या कोपऱ्यातल्या खांबापाशी येऊन बसला. खांबाला तिरकी चीर होती, नेहमी स्कूटरींच्या मागे झाकलेली. तो म्हणाला, इमारत एका बाजूला कलली आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती सुरुवातीच्या वर्षांत जमिनीत बसून थांबली, की अजून बसते आहे. त्याने चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट चिकटवली. "काच शाबूत राहिली तर इमारत थांबलेली आहे, आपण सावकाश दुरुस्ती करू. फुटली तर थांबलेली नाही. मग कोणी मीटिंग घेत बसू नका. मला फोन करा आणि त्याच दिवशी बाहेर पडा."

त्यानंतरचे दिवस मला अजून नकोसे वाटतात. येता-जाता जो तो खांबापाशी वाकायचा, दुधाची पिशवी हातात असो की कॉलेजची बॅग. कोणी मोठ्याने बोलत नसे. वर कोणी खुर्ची सरकवली तरी मी हातातला घास ठेवून छताकडे बघायचे. मी पटर हातात घेतला की नवरा म्हणायचा, "तो चेंडू आता टाकू नकोस." ओरडून नाही, अगदी हळू. मग मी तो कपाटात ठेवून दिला. घर सोडायची वेळ आली तर काय करायचं हे बोलायला काढलं की तो उठून गॅलरीत जायचा.

त्याचं मला कळत होतं. त्याचं सगळं लहानपण भाड्याच्या खोल्यांत गेलं. अकरा महिने झाले की भांडीकुंडी टेम्पोत भरायची आणि नव्या आळीत नव्या पोरांशी ओळख करून घ्यायची. हे घर घेतलं तेव्हा त्याने दारावरची पाटी स्वतः ठोकली होती, चार स्क्रूंनी, इतकी घट्ट की रंगाऱ्याला ती काढता आली नाही. माझं तसं नव्हतं. मला भीती वाटत होती ती छताची. त्याला छताची नव्हती, टेम्पोची होती. एकाच घरात आम्ही दोन वेगवेगळ्या भीती घेऊन राहत होतो आणि मला त्याची भीती कधी कधी पोरकट वाटायची. सेक्रेटरींशी मी भांडू शकत होते, याच्याशी कशी भांडणार?

तो सकाळी लवकर खाली जायला लागला. म्हणायचा, चालायला जातो, गुडघे धरतात. मला बरंच वाटलं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. तो ऑफिसला म्हणून निघाला आणि डबा ओट्यावरच राहिला. मी डबा घेऊन जिना उतरले. अजून रिक्षा गाठायची वेळ झाली नव्हती, म्हणजे तो खालीच असणार. आमची स्कूटर त्या कोपऱ्यातल्या खांबाला अगदी चिकटून, चीर झाकेल अशी उभी होती. एरवी आम्ही ती गेटजवळ लावतो. स्कूटरच्या पलीकडे तो गुडघ्यांवर बसला होता, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत. हाताला पांढरं प्लास्टर लागलेलं. समोर वर्तमानपत्रावर काचेचे दोन तुकडे पडले होते आणि हातात नवी, कोरी पट्टी होती. तिच्या कडा कापणाऱ्याने नीट घासून दिल्या होत्या.

 त्याने वर बघितलं. घाबरला नाही, उलट सुटल्यासारखा दिसला.

"वर जा," तो म्हणाला.

"कधी फुटली?"

"पोरं क्रिकेट खेळतात इथे. बॉल लागला असेल."

"कधी फुटली ते सांग."

त्याने हातातल्या पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "एवढी दिवाळी होऊ दे. एवढंच. नंतर तू म्हणशील तिकडे जाऊ."

मला इतका राग आला की डबा त्याच्या अंगावर फेकावासा वाटला. आणि त्याच वेळी त्याच्या शेजारी बसून त्याचे हात पुसावेत असंही वाटलं. मी दोन्हीही केलं नाही. डबा स्कूटरच्या सीटवर ठेवला, काचेचे दोन्ही तुकडे वर्तमानपत्रासकट उचलले आणि जिना चढायला लागले. 

दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं तेव्हा तोंडात ब्रश होता. मी वर्तमानपत्र उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ब्रश काढला. जिन्यात डोकावून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, हे कोणी पाहिलंय?"

मी उत्तर देणार तोच मागे पावलं वाजली. नवरा धापा टाकत वर आला होता. त्याचे हात तसेच पांढरे होते.

"मी पाहिलंय," तो म्हणाला. "काल सकाळीच पाहिलं. आणि रात्रभर तुम्हा सगळ्यांना वर झोपू दिलं."