काकानं दाखवलेलं वॉटरलू
काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी विट्याला कॉलेजात होतो. फोन अण्णांचा. आमच्याच भावकीतले. त्रिनिदादमध्ये त्यांचं गलाईचं दुकान आहे, तिथं काका सोनं गाळायचा. "लय भाग्यवान तुझा काका. देवळाजवळ, समुद्राकाठी अग्नी दिला," म्हणाले. मला त्यात भाग्य कुठं दिसेना...

आमच्या आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायला कुठंही जातात. काका त्रिनिदादमधल्या वॉटरलू गावाला गेला. रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा सकाळ असायची. ते गाव आम्हाला घरबसल्या पाठ झालं होतं. समुद्रातलं पांढरं देऊळ, तिथवर जाणारी वाट, काठावरचे रंगीत झेंडे, ओहोटीला उघडा पडणारा चिखल, शेजारच्या गावातला इमारतीएवढा मारुती. "उसातल्या एका मजुरानं समुद्रात भर घालून बांधलंय हे देऊळ. आपली भावकी बांधावरनं भांडती, ह्यानं समुद्रात बांध घातला गड्या!" असं म्हणून काका हसायचा. मग बोलता बोलताच फोन देवळाकडं वळवायचा. "बघ, भरती आली." आणि त्याचा आवाज बंद व्हायचा. रेंज गेली असेल म्हणून आम्ही मुकाट देऊळ बघत बसायचो.

तो तेव्हा आवाज बंद करून खोकत असायचा. हे त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं आता सांगितलं. सोनं गाळताना निघणाऱ्या अॅसिडच्या धुरानं छाती गेली होती. गावी यायला सुट्टी मागितली तर अण्णा "दिवाळीनंतर बघू" म्हणाले. काकाचा पासपोर्ट त्यांच्याच कपाटात. मालक भावकीतला असला की त्याच्याबद्दल घरीसुद्धा बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मला त्या रीतीचा संताप येतो.

गेल्या आठवड्यात अण्णा अस्थी घेऊन आले. बसल्या बसल्या मला म्हणाले, "जागा रिकामी हाय. तुला इंग्रजी येतंय. चल माझ्यासंगं."

मी विचारलं, "अण्णा, दुकानात धूर भाईर जायला धुराडं हाय का?"

"तुझ्या काकानं कवा मागितलं न्हाई."

"त्यो मागणार न्हाई, हे तुमास्नी ठावं हुतं."

"थोरल्यांशी असं बोलत्यात व्हय रं?" वडील ओरडले.

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. आजवर ती अण्णांसमोर एक शब्द बोललेली नव्हती. कप त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली, "आवं अण्णा, तिकडं गेल्याव आदी धुराडं बसवा. आमच्यातलं आता कुणी येणार न्हाई. पर कुणाचं तरी येईलच की."

या वेळी वडील ओरडले नाहीत.