ओटीची परतफेड

आमच्या इमारतीत मतदानाचा दिवस म्हणजे कूर्गला जायचा दिवस. सुट्टी जाहीर झाली की आधी रिसॉर्टचं बुकिंग होतं, मग कुणीतरी विचारतं, उभं कोण आहे यंदा? लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूच्या जे. पी. नगरला आले तेव्हापासून मत द्या म्हणून मी या लोकांच्या हात धुऊन मागे लागलेली आहे. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, इमारतीच्या ग्रुपवर. मत देऊन आले की लिफ्टचं बटण मुद्दाम शाईच्या बोटानं दाबायचे, सोबतच्यांना दिसेल असं. तोरा होता तो, आणि मला तो आवडायचा.

समोरच्या फ्लॅटमधल्या बाई हसायच्या. "एका मतानं काय होतंय हो? आमच्या वाटचंही तुम्हीच देऊन या." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उन्हाळाभर पाण्याच्या टँकरवरून रडगाणं गायचं आणि मतदानाला दांडी मारायची!

गेल्या विधानसभेला आमचा आमदार पुन्हा उभा राहिला. त्याच्या काळात आमच्या तळ्याभोवती पत्रे लागले, पत्र्यांआड भराव पडला आणि आता तिथे फ्लॅटच्या जाहिराती आहेत. त्याच्या विरोधात उभा होता तो दर निवडणुकीला पक्ष बदलणारा. म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात. तरी माझं ठरलं होतं, तळं बुजवणाऱ्याला मत नाही. आणि हे मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

प्रचाराच्या दिवसांत एकदा इंदिरानगरहून, ऑफिसातून घरी आले तर दारात चपलाच चपला. आत आमदाराची बायको चार-पाच बायकांसह बसलेली आणि सासूबाई पाटावर, पदर पसरून. ओटी भरणं चाललं होतं. तांदूळ, नारळ, हळकुंड, वर खण. सासऱ्यांनी पेपर घेऊन केव्हाच आतली खोली गाठली होती.

माझी सासू चार पिढ्यांची बेंगळुरूची. घरात मराठी, पण तिच्या मराठीत कन्नड कधी शिरलं ते तिलाही सांगता येणार नाही. मला बघून म्हणाली, "सरी, बरं झालं आलीस. ये, बस."

"आई, मी कुर्ता-जीन्समध्ये आहे. पदर कुठाय?" मला वाटलं, सुटले.

सासूबाईंनी उठून कपाटातून माझीच ओढणी काढली आणि माझ्या खांद्यावर टाकली. आता काय करणार? दारी आलेल्या सवाष्णीचं कुंकू नाकारायचं, हे माझ्याही हातून झालं नाही. ती बाई वयानं मोठी, बोलायला गोड. ओंजळीनं तांदूळ घालत कन्नडमध्ये एवढंच म्हणाली, "अक्का, स्वल्प आमच्याकडे लक्ष असू दे."

त्या गेल्यावर मी ओढणी सोडून नारळ टेबलावर आपटला. "ही लाच आहे, आई."

"लाच कसली? ओटी आहे." सासूबाई शांत. पण रात्री जेवताना त्यांचंही लक्ष नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "ओटी घेतलीय अगं. आता दुसऱ्याला मत दिलं तर मनाला लागेल स्वल्प."

"मग परत देऊन येते."

"ओटी परत देतात होय? वेडी की काय!" मग जरा थांबून म्हणाल्या, "पण तिची भरता येते. आपण तिच्या घरी जाऊन तिची ओटी भरू. बरोबरी झाली. मग मत आपलं आपल्याला."

मला ही युक्ती इतकी पटली, की मी दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन तिच्या खणापेक्षा भारी खण आणला. त्यांच्या रीतीनंच त्यांची गाठ सोडवायची, वर आपण त्यांचं काही देणं लागत नाही. स्वतःवर खूश होते मी.

आमदाराचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. अंगणात मांडव, खुर्च्या, कार्यकर्त्यांचा चहा. त्याची बायको आम्हाला बघून खरोखरच भारावली. तिनं पदर पुढे केला. मी नारळ ठेवला, तांदूळ घातले, कुंकू लावलं. सासूबाईंनी मला कोपरानं ढोसलं, "नमस्कार कर, मोठी आहे ती." सवयीनं वाकले. वाकलेली असतानाच कुणाच्या तरी फोनचा खटक् आवाज ऐकू आला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो वॉर्डातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला. भाजीवाल्याच्या कोपऱ्यावर तर फ्लेक्सच लागला. वर आमदार हात जोडून, खाली त्याच्या बायकोच्या पायांशी मी, आणि कन्नडमध्ये मजकूर: मराठी भगिनींचा आशीर्वाद. मला रडूच आलं. रागानं आलं.

मी प्रचार कार्यालयात जाऊन भांडले. तिथला माणूस उद्धटही नव्हता. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, "अक्का, तुम्हाला कुणी बोलावलं होतं का? तुम्ही आपण होऊन आलात."

आशीर्वाद नाही, परतफेड होती ती, हे तिथे कुणाला समजावणार? इमारतीच्या ग्रुपवर खुलासा लिहायला घेतला, तो माझा मलाच हास्यास्पद वाटला. खोडून टाकला. सासूबाई मात्र घरात तेच तेच म्हणत राहिल्या, "चुकलंच गं. माझ्यामुळे झालं." त्यांच्यावर ओरडायचीही सोय राहिली नाही. भाजी आणायला मी लांबच्या रस्त्यानं जाऊ लागले.

मतदानाच्या दिवशी पार्किंग नेहमीसारखं ओस पडलं. मी आणि सासूबाई सरकारी शाळेतल्या केंद्रावर गेलो. यंत्रासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदाच कळेना की मी इथे का आलेय. इकडे तळं बुजवणारा, तिकडे उद्या त्याच्याच पक्षात जाऊ शकणारा, आणि सगळ्यात खाली 'वरीलपैकी कोणीही नाही', जे दाबून कुणाचं काही बिघडत नाही. मी दुसऱ्याला मत दिलं. इतकी वर्षं इमारतीला ऐकवत आले होते की मत गुप्त असतं, कुणाला भिऊ नका. आता तेच गुप्त मत माझ्या गळ्याशी आलं होतं. ते मी कुणालाही दाखवू शकत नव्हते, आणि फोटो तर कोपऱ्यावर सगळ्यांना दिसत होता.

बाहेर सासूबाई वाट बघत होत्या. कुणाला दिलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आमदार पुन्हा निवडून आला. निकालानंतर संध्याकाळी मी लिफ्टमध्ये शिरले, तर समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आत होत्या. मतदानाच्या सुट्टीत कूर्गला गेल्या होत्या त्या. तिथून आणलेल्या कॉफी पावडरीचा एक पुडा त्यांनी प्रेमानं माझ्या हातात दिला.

"अभिनंदन हो!" त्या म्हणाल्या. "तुमचा माणूस आला."

मी पुड्याआड डावा हात लपवला. शाई अजून तशीच काळीभोर होती. उजव्या हातानं मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं.